राहायचं की गाशा गुंडाळायचा?

परक्या देशात मांडलेला धंदा एक दिवस अडचणीत येतो. सरकार नियम बदलतं, गिऱ्हाईक पाठ फिरवतं, नाहीतर गावकरी दारात येऊन बसतात. अशा वेळी बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपन्या नेमका काय हिशेब मांडतात?

१९७७चा पावसाळा. आणीबाणीनंतर दिल्लीत जनता पक्षाचं सरकार येऊन जेमतेम काही महिने झाले होते. उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. मुंबईकरांचे जुन्या ओळखीचे, संपसम्राट म्हणून गाजलेले. त्यांच्या टेबलावर एका अमेरिकन शीतपेयाच्या कंपनीची फाइल आली आणि देशभर गहजब झाला. कोका-कोला भारत सोडणार!

१९५०पासून भारतात रुळलेलं ते पेय. लग्नाच्या मांडवात, सिनेमाच्या मध्यंतरात, इराण्याच्या हॉटेलात त्याची बाटली दिसायचीच. मग असं काय बिनसलं? बिनसलं एका कायद्यावरून. १९७३ साली झालेला आणि १ जानेवारी १९७४पासून लागू झालेला परकीय चलन नियमन कायदा, म्हणजेच ‘फेरा’. त्याचं २९वं कलम सांगत होतं की इथे धंदा करणाऱ्या परदेशी कंपनीने आपली मालकी ४० टक्क्यांवर आणावी आणि उरलेले भाग भारतीयांना द्यावेत. मोठं तंत्रज्ञान आणणाऱ्या किंवा निर्यात करणाऱ्या कंपन्यांना थोडी सूट होती. पण गोड फेसाळ पाण्यात कसलं आलंय मोठं तंत्रज्ञान?

मालकी कमी करायची म्हणजे भारतीय भागीदार आणायचा. भागीदार आला की त्याला धंद्याचं मर्म कळणार. आणि कोकचं मर्म म्हणजे त्याचा अर्क. त्याची कृती अटलांटातल्या एका बँकेच्या तिजोरीत ठेवलेली. कंपनीने तोड सुचवून पाहिली, की भागीदारी चालेल, पण अर्क आणि दर्जाची तपासणी मात्र आमच्याच हाती राहील. सरकार म्हणालं, जमणार नाही.

आता अटलांटातल्या साहेबांच्या जागी आपण बसून पाहू. एका बाजूला साठ-पासष्ट कोटींच्या लोकसंख्येचा देश. दुसऱ्या बाजूला जवळपास नव्वद वर्षं जपलेलं गुपित. निर्णय अवघड वाटतो ना? प्रत्यक्षात तो तितका अवघड नव्हता. कारण भारतात कोकचे स्वतःचे पैसे फारसे गुंतलेलेच नव्हते! बाटल्या भरण्याचे कारखाने बहुतेक भारतीय व्यापाऱ्यांचे. यंत्रं त्यांची, ट्रक त्यांचे, बाटल्याही त्यांच्याच. कंपनी अर्क विकायची आणि नफा घ्यायची. ज्याचं घर भाड्याचं, त्याला बिऱ्हाड हलवायला कितीसा वेळ लागतो? जगभरच्या विक्रीत भारताचा वाटाही तेव्हा किरकोळ होता.

पण खरी भीती वेगळीच होती. भारतापुढे मान तुकवली तर उद्या दुसरा देश तेच मागणार, परवा तिसरा. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो’ ही म्हण अटलांटात कुणाला ठाऊक नसेल, पण हिशेब नेमका हाच होता. कोकने गाशा गुंडाळला.

मागे राहिले ते बाटल्या भरणारे, त्यांचे कामगार आणि पाटी उतरवून ठेवणारे दुकानदार. सरकारने स्वतःचं पेय काढलं, नाव ‘सत्त्याहत्तर’! म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेने त्याची कृती तयार केली आणि पाव बनवणाऱ्या मॉडर्न या सरकारी कंपनीने ते बाजारात आणलं. लोकांनी ते कौतुकाने चाखलं आणि विसरून गेले. बाजी मारली ती पार्लेच्या ‘थम्स अप’ने. कोकच्याच बाटल्या भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सने ‘कॅम्पा कोला’ काढून दुसरा मोठा घास घेतला.

एकच कायदा, तीन वाटा

याच कायद्याने आणखी दोन बड्या कंपन्यांना कात्रीत धरलं होतं. त्यांनी काय केलं, हे पाहिल्यावर कोकचा निर्णय जास्त स्पष्ट होतो.

पहिली आयबीएम. संगणक म्हणजे आयबीएम असं समीकरण असलेला तो काळ. भारतात ती आपली यंत्रं विकण्यापेक्षा भाड्याने द्यायची. त्यातली बरीच इतर देशांत वापरून झालेली, डागडुजी केलेली जुनी यंत्रं. भाडं मात्र घसघशीत! संसदेच्या लोकलेखा समितीने यावर कडक ताशेरे ओढले होते. ‘फेरा’चा बडगा आला तेव्हा आयबीएमने मधली वाट सुचवली. कंपनीचे दोन तुकडे करू. भारतात सेवा देणाऱ्या कंपनीत भारतीयांना मोठा वाटा देऊ, पण निर्यातीसाठी उत्पादन करणारी कंपनी शंभर टक्के आमचीच राहील. सरकारने हे मानलं नाही. आयबीएमचं जगभरचं धोरण एकच होतं, मालकी पूर्ण आमची. १९७८मध्ये तीही गेली.

पण ती गेली कशी, हे पाहण्यासारखं आहे. आयबीएमने आपली संगणक केंद्रं चालवण्यासाठी माजी कर्मचाऱ्यांची वेगळी कंपनी उभी राहू दिली. ग्राहकांकडच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने उचलली. कुणाचाही पगारपत्रकाचा संगणक रातोरात बंद पडला नाही. जाताना दार आपटलं नाही, म्हणून परत येताना ते सहज उघडलं. १९९२मध्ये आयबीएम टाटांचा हात धरून पुन्हा भारतात आली. पुढची गंमत तर औरच! २०१७मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी लिहिलं की या कंपनीची भारतातली माणसं आता अमेरिकेतल्या माणसांपेक्षा जास्त झाली आहेत. ज्या देशात वाटा द्यायला नको म्हणून ती निघून गेली, तोच देश तिचं सर्वांत मोठं मनुष्यबळ झाला.

मधल्या पंधरा वर्षांत भारतीय कंपन्यांना मोकळं रान मिळालं, हेही खरं. १९७६मध्ये निघालेली एचसीएल, खाद्यतेलाकडून संगणकाकडे वळलेली विप्रो, १९८१मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी सुरू केलेली इन्फोसिस. यांच्या यशाचं सगळं श्रेय आयबीएमच्या जाण्याला देणं भाबडेपणाचं ठरेल. पण वडाच्या सावलीत रोपं वाढत नाहीत हे काही खोटं नाही.

तिसरी कंपनी हिंदुस्तान लिव्हर. सनलाइट, लाइफबॉय, डालडा. प्रत्येक घरातल्या मोरीपासून फडताळापर्यंत तिचा वावर. ब्रिटिश-डच युनिलिव्हरचा तिच्यात ८५ टक्के हिस्सा होता. साबण म्हणजे काही अवजड उद्योग नव्हे, तेव्हा नियमाप्रमाणे ४० टक्क्यांवर यायला हवं होतं. पण लिव्हरची गोष्ट कोकच्या नेमकी उलटी होती. इथे तिचे कारखाने होते, मुंबईत अंधेरीला संशोधन केंद्र होतं, खेड्यापाड्यांत पोहोचलेले विक्रेते होते. उठून जायचं म्हणजे हे सारं मातीमोलाने विकायचं. शिवाय १९६१पासूनच तिच्या अध्यक्षपदी भारतीय माणूस होता. प्रकाश टंडन पहिले, ‘फेरा’च्या काळात टी. थॉमस. दिल्लीशी बोलणारा माणूस दिल्लीची नाडी ओळखणारा होता, हा फायदा पैशांत मोजता येत नाही.

मग लिव्हरने काय केलं? भांडली नाही, गेली नाही आणि पुरती झुकलीही नाही. नियमात सूट मिळण्यासाठी जे जे लागतं, ते ते बनायला लागली! रसायनांत उतरली. डिटर्जंटला लागणाऱ्या फॉस्फेटचा कारखाना १९७९मध्ये बंगालमध्ये हल्दियाला उभा केला. मागास भाग म्हणून जम्मूत कारखाना काढला. निर्यातीचा आकडा वाढवण्यासाठी पादत्राणांपासून कोळंबीपर्यंत साबणाशी काडीचा संबंध नसलेला माल परदेशी पाठवू लागली. सरकारला हवं ते सरकारला दाखवलं आणि १९८०मध्ये ५१ टक्के हिस्सा स्वतःकडे राखून मोकळी झाली. या कसरतीत बरीच वर्षं गेली, मन नसलेल्या धंद्यांत पैसाही गेला. पण कंपनीचं नियंत्रण हातून सुटलं नाही.

तिच्या शेजारी कोलगेट. तिने फार घोळ न घालता १९७८मध्ये आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणला आणि उरलेले शेअर लोकांना विकले. तेव्हा शेअरची किंमत सरकारी अधिकारी ठरवायचे आणि ती स्वस्तच असायची. परदेशी कंपनीचे शेअर पडत्या भावात! मुंबई-पुण्यातल्या कितीतरी नोकरदार मंडळींनी आयुष्यातला पहिला शेअर घेतला तो याच काळात. पोस्टाच्या पासबुकाशेजारी कपाटात ठेवलेल्या त्या कागदांनी पुढे मुलींची लग्नं आणि मुलांची शिक्षणं केली. कोलगेटने वाट पाहिली. १९९१नंतर नियम सैल झाले आणि तिने आपला हिस्सा पुन्हा ५१ टक्क्यांवर नेला.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात या तिन्हींना वेगवेगळी भारदस्त नावं आहेत. घरगुती भाषेत सांगायचं तर भाडेकरू निघून गेला, घरमालकाने घर वाचवण्यासाठी दोन खोल्या वाढवल्या आणि तिसऱ्याने पोटभाडेकरू ठेवून दिवस काढले.

परत येणंही सोपं नसतं

२४ ऑक्टोबर १९९३. आग्रा. ताजमहालाच्या गावात कोका-कोलाचं पुनरागमन झालं. सोळा वर्षांत इथलं जग बदललं होतं. पेप्सी आधीच येऊन बसली होती. तिने कोकच्या चुकीतून शिकून पंजाब सरकारच्या कृषी महामंडळाला आणि टाटांच्या व्होल्टासला भागीदार केलं होतं. टोमॅटो प्रक्रियेचा कारखाना काढायचं कबूल केलं होतं. परदेशी नाव नको म्हणून ‘लेहर पेप्सी’ असं नावही घेतलं होतं.

कोकसमोर आता दोन रस्ते होते. शून्यापासून सुरुवात करायची, नाहीतर तयार घर विकत घ्यायचं. तिने दुसरा निवडला. पार्लेच्या रमेश चौहानांकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा ही सगळी पेयं एकगठ्ठा घेतली. नावांपेक्षाही मोलाचं होतं ते देशभर पसरलेलं बाटल्या भरणाऱ्यांचं जाळं. चौहानांचा हिशेबही समजण्यासारखा होता. समोर पेप्सी, शेजारी कोक. दोन हत्तींच्या झुंजीत उभं राहण्यापेक्षा चांगला भाव आला आहे तोवर बाजूला व्हावं. पाण्याचा धंदा त्यांनी स्वतःकडे ठेवला. त्या ‘बिसलेरी’चं पुढे काय झालं, हे रेल्वेच्या प्रत्येक फलाटावर दिसतं.

इथे अटलांटाच्या लोकांनी चूक केली. त्यांना वाटलं, थम्स अप हा आपल्या कोकच्या वाटेतला अडथळा. विकत घेतलं आहेच, तर हळूहळू मागे सारू. जाहिरात आटली, लक्ष गेलं. पण गिऱ्हाईक काही ऐकेना! थम्स अपची तिखट चव लागलेल्या लोकांना कोक मिळमिळीत वाटायचं. थम्स अप सोडलेला माणूस कोककडे न वळता पेप्सीकडे जायचा. म्हणजे स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला सैनिक दुबळा करून शत्रूची फौज वाढवण्याचा प्रकार. काही वर्षांनी ही गोम ध्यानात आली. थम्स अपला पुन्हा खतपाणी मिळालं. त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलं नाही. २०२१ साली भारतातली त्याची विक्री शंभर कोटी डॉलरच्या वर गेल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. मूळ कोक बाजूला आणि सवतीचं लेकरू पुढे!

(कॅम्पाही संपलं नाही. २०२२मध्ये रिलायन्सने ते नाव विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी बाटली पुन्हा दुकानात आली.)

पण कोकला सर्वांत मोठा धडा मिळाला तो दिल्लीतून नव्हे, की पेप्सीकडूनही नव्हे. तो मिळाला केरळातल्या पालक्काड जिल्ह्यातल्या प्लाचिमाडा या खेड्यात. २०००मध्ये तिथे बाटल्या भरण्याचा कारखाना सुरू झाला. सगळे सरकारी कागद जिथल्या तिथे होते. थोड्याच काळात आसपासच्या विहिरींचं पाणी खालावल्याची आणि पिण्याजोगं न राहिल्याची तक्रार आली. ती तक्रार घेऊन मायिलम्मा नावाच्या आदिवासी बाईच्या पुढाकाराने बायका कारखान्यासमोर ठाण मांडून बसल्या. पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने २००३मध्ये परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. मार्च २००४मध्ये कारखाना बंद पडला. पुढे खटला सर्वोच्च न्यायालयात रेंगाळत राहिला आणि २०१७मध्ये कंपनीने तिथे पुन्हा उत्पादन सुरू करायचं नाही, असं सांगून टाकलं. पाणी उपसायला लागणाऱ्या विजेचा दर कंपनीने नक्कीच मोजला असणार. बायकांच्या डोक्यावरच्या हंड्याला किती लांबून पाणी आणावं लागेल, हा रकाना त्या कागदात नसतो.

गरम दूध आणि बटाट्याची टिक्की

सरकारची समजूत घालता येते, कायदा बदलतो. जीभ बदलत नाही! हे केलॉग्जला तळोज्यात समजलं. १९९४मध्ये पनवेलजवळच्या तळोजे औद्योगिक वसाहतीत तिने कारखाना उभारला आणि मक्याच्या चुरचुरीत पोह्यांची खोकी मुंबईच्या दुकानांत लावली. कल्पना अशी, की कोट्यवधी भारतीय रोज न्याहारी करतात. त्यातल्या थोड्यांनी जरी आपली सवय बदलली तरी चांदीच चांदी.

पहिल्या कुतूहलाचा भर ओसरला आणि विक्री थंडावली. कारण शोधायला मोठा तज्ज्ञ लागत नव्हता, कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावलं असतं तरी पुरे होतं. अमेरिकेत हे पोहे थंड दुधात घालून खातात. आपल्याकडे सकाळी दूध तापतं आणि मुलांना गरमच दिलं जातं. गरम दुधात त्या पोह्यांचा क्षणात लगदा होतो. थंड दुधात घातले तर साखर नीट विरघळत नाही. शिवाय ज्या घरात दहा मिनिटांत कांदेपोहे किंवा उपमा होतो, तिथे महागडं खोकं आणायचं कशाला?

कंपनीपुढे तोच जुना प्रश्न होता, राहायचं की जायचं. तिने राहायचं ठरवलं. पण हट्ट सोडला. लहान पाकिटं काढली, भारतीय चवी आणल्या आणि मोठ्यांची सवय बदलण्याचा नाद सोडून मुलांकडे मोर्चा वळवला. चॉकलेटच्या चवीचे ‘चोकोज’ मुलांना आवडले, आणि दूध प्यायला कंटाळणारं पोर ते भांडंभर पिऊन टाकतंय म्हटल्यावर आईही खूष. धंदा सावरला. मात्र सगळा देश पोहे सोडून मक्याकडे वळेल हे पहिलं स्वप्न कागदावरच राहिलं.

मॅकडोनाल्ड्सने हा धडा दुसऱ्याच्या खर्चाने घेतला असावा असं वाटावं, इतकी तिची तयारी होती. ऑक्टोबर १९९६मध्ये दिल्लीच्या वसंत विहारात पहिलं हॉटेल उघडलं त्याआधी काही वर्षं ती कंपनी इथे फक्त शेतकरी आणि पुरवठादार शोधत, घडवत होती. गोमांसाच्या सँडविचवर जगभर मोठी झालेली ही कंपनी. तिने भारतात गोमांस नाही आणि डुकराचं मांसही नाही असं ठरवलं. जगात कुठेही तिने असं केलं नव्हतं. शाकाहारी पदार्थांसाठी वेगळा स्वयंपाक, वेगळी भांडी, वेगळी माणसं. मेयोनीजसुद्धा बिनअंड्याचं! मग आली बटाट्याच्या टिक्कीची पावाची जोडी. वडापाव खाऊन मोठ्या झालेल्या मुंबईकराला त्यात नवं काय वाटणार, पण मुलांचा वाढदिवस करायला वातानुकूलित जागा आणि स्वच्छ न्हाणीघर हे नक्कीच नवं होतं.

या साऱ्यात महाराष्ट्राच्या शिवाराचाही वाटा आहे. हॉटेलात लागणारी कुरकुरीत कोशिंबिरीची पानं पुणे जिल्ह्यात तळेगावला पिकवली गेली, चीज बारामतीच्या डेअरीतून आलं, टिक्क्या तळोज्यात बनल्या. माल इथलाच असला की आयातकर नाही, रुपया घसरला तरी झळ कमी. लोकांची मनं जिंकण्यापेक्षा हा हिशेब मोठा होता.

चूक झाली ती दुसरीकडे, भागीदारीत. पश्चिम आणि दक्षिण भारत अमित जटिया यांच्याकडे, उत्तर आणि पूर्व विक्रम बक्षी यांच्याकडे अशी वाटणी होती. २०१३मध्ये कंपनीने बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केलं आणि भांडण कोर्टात गेलं. २०१७मध्ये दिल्लीतली बरीच हॉटेलं एकाएकी बंद झाली. २०१९मध्ये समझोता होईपर्यंत पोरांच्या वाढदिवसांपेक्षा वकिलांच्या तारखाच जास्त गाजल्या. जिभेचा अंदाज अचूक आला, सोयरीक मात्र निभली नाही.

पैसे जमिनीत गेल्यावर

हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९७१च्या सुमारास एक साधी गोष्ट सांगून ठेवली आहे. परदेशी कंपनी दारात उभी असते तेव्हा तिचा भाव असतो. सरकारं पायघड्या घालतात. पण एकदा का तिने कारखाना बांधला, की पारडं फिरतं. भिंती उचलून नेता येत नाहीत. कालचा पाहुणा आज ओलीस होतो.

याचा सगळ्यात कडू अनुभव कोकणाने घेतला. गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीज प्रकल्प. अमेरिकेच्या एन्रॉनने १९९३मध्ये वीज मंडळाशी करार केला. १९९५मध्ये राज्यात सरकार बदललं आणि युतीच्या सरकारने करार रद्द केला. कंपनीने लढायचं ठरवलं. एकीकडे परदेशात लवाद, दुसरीकडे मुंबईत वाटाघाटी. काही महिन्यांत नव्या अटींवर काम सुरू झालंही. १९९९मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला तेव्हा एन्रॉनला वाटलं, जिंकलो. पण वीज इतकी महाग होती की तिचं बिल भरताना मंडळाच्या नाकी नऊ आले. २००१मध्ये प्रकल्प ठप्प. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोर झाली. करार कागदावर कितीही पक्का असला तरी घेणाऱ्याची ऐपत नसेल तर तो टिकत नाही, हे दोन्ही बाजूंच्या हुशार लोकांनी आधी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर सांगितलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हातात ना धड शेती उरली ना धड कारखान्यातली नोकरी.

तळेगावची गोष्ट इतकी नाट्यमय नाही, पण जास्त चटका लावणारी आहे. जनरल मोटर्सने २००८मध्ये तिथे मोटारींचा कारखाना सुरू केला. गाड्या फारशा खपल्या नाहीत. २०१७मध्ये कंपनीने जगाच्या नकाशावर लाल पेन्सिल फिरवली. युरोपातली ओपेल विकली, दक्षिण आफ्रिका सोडली आणि त्याच वर्षी भारतात विक्री थांबवली. तिचा विचार सरळ होता. जिथे पहिल्या दोन-तीन क्रमांकांत येणं शक्य नाही, तिथे पैसा ओतण्यापेक्षा तो विजेवरच्या गाड्यांत घालू. हिशेब म्हणून त्यात खोट काढता येणार नाही. तळेगावातून निर्यात होत होती, तीही २०२०च्या डिसेंबरात थांबली. कारखाना चीनच्या ग्रेट वॉलला विकायचा घाट फसला. सीमेवरचा तणाव आडवा आला. २०२३मध्ये तो ह्युंदाईने घेतला. मधली वर्षं हजाराहून अधिक कामगारांनी मोर्चे, कोर्ट आणि उधारीवर काढली. पस्तिशी ओलांडलेल्या फिटरला दुसरीकडे तेवढा पगार कोण देतो? डेट्रॉइटच्या कागदावर हा ‘बंद करण्याचा खर्च’ नावाचा एक आकडा होता.

आता खुर्चीच्या पलीकडे आपण

आजवरच्या गोष्टींत परदेशी कंपनी तिकडची आणि सोसणारे इकडचे होते. पण एकविसाव्या शतकात पट उलटला. जानेवारी २००७मध्ये टाटा स्टीलने ब्राझीलच्या कंपनीशी रात्रभर लिलावात झुंजून कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी सहा अब्ज पौंडांहून अधिक किमतीला घेतली. मुंबईत पेढे वाटावेत असा दिवस होता तो! वर्षभराने जग्वार-लँड रोव्हरही २३० कोटी डॉलरला टाटांकडे आली. गाड्यांचा धंदा सावरला. पोलादाने मात्र घाम काढला.

कोरसचा मोठा कारखाना वेल्समधल्या पोर्ट टालबट गावात. समुद्रकाठचं गाव, आणि आजोबा, बाप, मुलगा अशा पिढ्या त्याच भट्टीवर राबलेल्या. २००८ची मंदी आली, चीनचं स्वस्त पोलाद आलं, ब्रिटनमध्ये वीज महागली. मार्च २०१६मध्ये कामगार संघटनेचे नेते रॉय रिकहस आणि तिथले खासदार स्टीफन किनॉक विमानाने मुंबईला आले. टाटांच्या संचालक मंडळाची बैठक होती आणि तीत त्यांच्या गावाचं काय ठरतं ते जाणून घ्यायचं होतं. मंडळाने ब्रिटनमधला धंदा विकायला काढायचं ठरवलं. कधी काळी अटलांटातल्या खोलीकडे दिल्ली पाहत होती, तसं वेल्स आता मुंबईकडे पाहत होतं.

विकणंही सोपं नव्हतं. कारखान्याबरोबर जुन्या कामगारांच्या पेन्शनचा डोंगर होता, तो कोण घेणार? २०१७मध्ये पेन्शन योजना कंपनीपासून वेगळी केली. मग जर्मनीच्या थिसेनक्रुपमध्ये युरोपातला धंदा मिसळून टाकायचं ठरलं, तर २०१९मध्ये युरोपियन आयोगाने मनाई केली. तोटा रोजचा चालूच. जायचं तर गिऱ्हाईक नाही, राहायचं तर पैसा नाही.

शेवटी तिसरी वाट निघाली. कोळशाच्या जुन्या भट्ट्या बंद करायच्या आणि भंगार वितळवणारी विजेची भट्टी बांधायची. खर्च सव्वा अब्ज पौंड, त्यातले ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकारचे. प्रदूषण कमी, कोळसा-खनिजाची आयात कमी आणि माणसंही कमी. ब्रिटनभरच्या २,८०० पर्यंत नोकऱ्या जाणार होत्या. कामगार संघटना म्हणत होत्या, की एक जुनी भट्टी निदान नवी होईपर्यंत चालू ठेवा. टाटांनी उत्तर दिलं, तोटा परवडत नाही आणि चालू कारखान्यात बांधकाम करणं धोक्याचं आहे. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि म्हणूनच तडजोड निघाली नाही.

३० सप्टेंबर २०२४ला पोर्ट टालबटची शेवटची झोतभट्टी विझली. शंभराहून जास्त वर्षं त्या गावात पोलाद ओतलं जात होतं. जुलै २०२५मध्ये नव्या भट्टीच्या बांधकामाला सुरुवात झाली. ती पेटेपर्यंत तिथल्या लाटण गिरण्या चालू ठेवायच्या तर कच्चं पोलाद बाहेरून आणायला हवं. तेव्हा नेदरलँड्समधून आणि भारतातून पोलादाच्या लाद्या जहाजात भरून वेल्सच्या त्या बंदरात पाठवायचं ठरलं.